नाव न घ्यायची मैत्रीण

तुमच्या मुलीला वर्गात कोणीच मैत्रीण नाही, हे वाक्य मी वीतभर उंचीच्या खुर्चीत बसून ऐकलं. बालवर्गातली लाल प्लास्टिकची खुर्ची होती ती, आणि माझे गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकले होते. समोर तशाच निळ्या खुर्चीत विभागाच्या मॅडम अगदी आरामात बसल्या होत्या. मला आधी त्या खुर्चीचाच राग आला. वाईट बातमी द्यायची तर माणसाला निदान पाय सोडून तरी बसू द्यावं!

रायपूरमधली आमची ही शाळा म्हणजे एका कॉलेजच्या बालशिक्षण विभागाला जोडलेला एकच मोठा वर्ग. शिक्षिका होण्यासाठी शिकणाऱ्या मुली तिथं आठवड्याआठवड्यानं पाळीपाळीनं शिकवायला येतात, आणि संशोधन करणारे लोक कोपऱ्यात बसून मुलांचं बघून लिहून घेतात. प्रवेशाच्या वेळीच हे आम्हाला सांगितलं होतं. मला त्याची केवढी ऐट! माझ्या मुलीवर अभ्यास होणार म्हणून मी वर्ध्याला आईला मुद्दाम फोन केला होता, आणि आईनं तो मजकूर अख्ख्या गल्लीत पोचवला होता.

त्या वर्षीचा अभ्यास असा होता, की वेगवेगळ्या भाषेच्या आणि रीतीभातीच्या घरांतून आलेली लहान मुलं आपसात मैत्री कशी करतात. त्यासाठी आमचा वर्ग झकास होता. छत्तीसगढी मुलं होती, उडिया होती, तेलुगू होती, बिहारहून उरला या औद्योगिक भागातल्या कारखान्यांत आलेल्यांची होती, सिंधी होती, आणि मराठी म्हणजे आमची एकटी. अभ्यास करणारी दीदी केरळहून आलेली, बारीक आवाजाची, फार गोड मुलगी. गणपती झाल्यावर ती आमच्या रेल्वे क्वार्टरवर येऊन गेली. घरात कोणती भाषा बोलता, कोणते सण करता, गाणी कोणती म्हणता, असं सगळं तिनं विचारलं. मी पोळ्यापासून महालक्ष्म्यांपर्यंत सगळं सांगितलं, वरून पुरणपोळी खाऊ घातली. आपली संस्कृती नीट नोंदवली गेली पाहिजे, एवढाच माझा हेतू. तिनं विचारलं, "और यहाँ का कुछ?" मी म्हटलं, यहाँ का कुछ नाही, आम्ही आपलं आपलंच करतो.

खरं तर त्याच श्रावणात, राखीच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या सासूबाई मुलीला घेऊन अभनपूरच्या पुढच्या एका गावी भोजली पाहायला गेल्या होत्या. भोजली म्हणजे टोपलीत अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब. बायका आणि पोरी गाणी म्हणत त्या टोपल्या तळ्यावर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. माझी रेल्वेच्या ऑफिसात ड्यूटी होती. सासूबाईंच्या भजनातल्या बायका निघाल्या असतील, असं मी धरून चालले आणि तळ्याच्या पाण्यात पोरीला उतरवू नका एवढं बजावलं. संध्याकाळी मुलगी परत आली ती दोन्ही कानांवर पिवळे कोंब खोचून, मिरवत. मी रात्री केस विंचरताना ते काढून टाकले. दीदीला हे सांगावं असं मला सुचलंसुद्धा नाही, कारण ते आपलं थोडंच होतं.

तर त्या लाल खुर्चीत मी विचारलं, मैत्रीण नाही म्हणजे काय?

मॅडमनी समजावून सांगितलं. दीदी प्रत्येक मुलाला शेजारच्या खोलीत एकेकटं बोलावते, खाऊ देते, आणि विचारते, तुला कोणाबरोबर खेळायला आवडतं? नावं सांग. कोणी दोन नावं सांगतं, कोणी चार, एकानं तर मांजरीचंही सांगितलं. आमच्या मुलीनं एकही नाव सांगितलं नाही. निरनिराळ्या दिवशी विचारून झालं. हसते, मान खाली घालते, गप्प बसते. वर्गात खेळतानाही ती कोणाला नावानं हाक मारत नाही. कोणाच्या तरी शेजारी बसलेली असते, पण या वयात शेजारी बसणं म्हणजे सोबत खेळणं नव्हे, असं मॅडम म्हणाल्या. नेहमीच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर, आणि दर आठवड्याला नवी ताई, त्यामुळे जास्त कोणी सांगू शकत नव्हतं. वर्गात आणखी एक मुलगी तशीच आहे, तिच्याही घरी कळवलं आहे, असंही त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात दोन्ही घरच्यांनी येऊन काचेमागून बघावं.

मी "जी, जी" म्हणत उठले आणि स्कूटी सुरू करायला तीनदा किक मारली. चौथ्यांदा लक्षात आलं की चावीच लावली नव्हती.

मला इतकं का लागलं, ते सांगायला हवं. लग्न होऊन मी वर्ध्याहून रायपूरला आले तेव्हा मला इथं कोणी नव्हतं. नवरा उरल्याच्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात, सकाळी गेला की संध्याकाळी शर्टाच्या कॉलरवर काळी धूळ घेऊन परत. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका नळावर जमायच्या, त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणायच्या आणि खदाखदा हसायच्या. मी बादली धरून उभी. हसावं तर कशाला हसतेय ते माहीत नाही, न हसावं तर शिष्ट. नोकरी लागली, माणसं भेटली, पण तो नळ माझ्या मनातून गेला नाही. माझी मुलगीसुद्धा अशीच बादली धरून उभी राहणार, ही भीती मला तिच्या जन्मापासून होती. मॅडमनी ती नुसती बोलून दाखवली.

घरी सासूबाई नव्हत्या. अकोल्याला त्यांच्या भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून त्या तिकडं गेल्या होत्या. एरवी मुलीला शाळेत सोडणं, आणणं, डबा, गोष्टी, सगळं त्याच करायच्या. त्यांना फोनवर हे सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. त्यांना वाटलं असतं, आपलंच काही चुकलं.

त्या रात्री जेवताना मी मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझी मैत्रीण कोण गं शाळेत?"

"आहे ना," ती म्हणाली. "तिनं मले आज चिंचोके दिले. आणि रेत में मकान बनवून दिला."

"कोणी?"

"तिनं."

"ती म्हणजे कोण? नाव काय तिचं?"

मुलीनं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत हसू, पण तोंडातून चकार शब्द नाही. मी रागावले, लाडावले, गुळपोळीची लाच देऊ केली. काही नाही. तेवढ्यात मला आठवलं, की गेले कित्येक दिवस तिच्या सगळ्या गोष्टींमध्ये ही "ती" होती. ती म्हणते, ती देते, ती हसते. नाव कधीच नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तोही जेवायचा थांबला होता.

मुलगी झोपल्यावर तो म्हणाला, "मले वाटते, ते मनातल्या मनात बनवलेली पोट्टी असन."

"मलाही तसंच वाटतं."

"घरात मराठी, बाहेर हिंदी, पाऱ्यात छत्तीसगढी. डोकं चक्रावून राहिलं असन तिचं. कोणाशी काय बोलाव, तिले समजत नसन."

माझी बहीण नागपूरला असते. तिची मुलगी आमच्याहून जराशी मोठी, शाळा हाकेच्या अंतरावर, आजूबाजूला सगळे आपले. तिनं पूर्वी कधीतरी म्हटलं होतं, पाठव हिला माझ्याकडे, दोघी मिळून वाढतील. तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं होतं. आता आम्ही दोघं पलंगाच्या दोन कडांवर बसून त्याच गोष्टीचा हिशेब करत होतो. दिवाळीला नेऊन सोडायचं, सुट्ट्यांत आणायचं. मुलगी इथं एकटी राहण्यापेक्षा तिथं रमलेली बरी. हे मी बोलत होते खरी, पण बोलताना मला रडू येत होतं. पाच वर्षांचं लेकरू दुसऱ्याच्या घरी ठेवायचं म्हणजे काय, ते ठेवणाऱ्यालाच माहीत. बहिणीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ती लगेच म्हणाली, "अगं कधीही घेऊन ये, विचारतेस काय?"

मग तो काचेचा दिवस आला. वर्गाच्या एका भिंतीत लांबट आरसा आहे. मुलांना त्यात स्वतःचे चेहरे दिसतात, आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्यांना सगळा वर्ग दिसतो. मी पोचले तेव्हा तिथं एक बाई आधीच बसली होती. मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती, रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे लाल. तिची मुलगी म्हणजे ती "आणखी एक". माहेर-सासर दोन्ही छत्तीसगढचंच, पण ड्यूटीमुळे मुलीचं सगळं तिचीही सासू बघायची.

"आपकी भी किसी का नाम नहीं लेती?" तिनं विचारलं.

"एक भी नहीं."

"मेरी वाली भी." तिनं सुस्कारा सोडला. "मैं तो सोच रही हूँ नौकरी ही छोड़ दूँ."

आम्ही दोघी एका बाकावर, दोन एकट्या मुलींच्या दोन आया, एकमेकींना धीर देत बसलो. मी तिला पाण्याची बाटली दिली, तिनं मला चॉकलेट दिलं. मला वाटतं, रायपुरात कोणाशी मी इतक्या पटकन इतकं मनातलं बोलले नव्हते. दुःख सारखं असलं की ओळखीपाळखीचे सोपस्कार लागत नाहीत.

पलीकडे वर्ग सुरू होता. आम्हाला दिसावं म्हणून दीदीनं आज मुलांना वेगळ्या खोलीत नेलं नव्हतं. रेतीच्या टबाशी मुली खेळत होत्या, तिथंच ती मांडी घालून बसली आणि माझ्या मुलीला तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. सबसे ज़्यादा किसके साथ खेलना अच्छा लगता है? नाम बताओ.

मुलीनं ओठ मिटले. मान खाली घातली, गाल लाल झाले, आणि शेजारी बसलेल्या दोन वेण्यांच्या मुलीला तिनं कोपरानं हळूच ढोसलं.

मी बाकावरून उठलेच. ते कोपर मी ओळखत होते. ते माझ्या बरगडीत कितीदा बसलं होतं! सासूबाईंना घेऊन बँकेत गेलं की खिडकीमागचा माणूस विचारतो, पतीचं नाव? सासऱ्यांना जाऊन किती वर्षं झाली, पण त्या नाव घेत नाहीत. ओठ मिटतात, मान खाली घालतात, या वयात लाजतात, आणि मला कोपरानं ढोसतात, म्हणजे तू सांग. मागं रांग खोळंबलेली, आणि मी माझ्याच सासऱ्यांचं नाव मोठ्यानं सांगतेय. हे सगळं मुलीनं आजीबरोबर जाऊन पाहिलेलं.

"तिला नाव माहीत आहे," मी त्या बाईला म्हटलं, मराठीतच, घाईत. मग हिंदीत सांगितलं, की तिला नाव येतं, ती ते घेत नाहीये. माझी सासू नवऱ्याचं नाव अगदी असंच घेत नाही.

"वो जो बगल में बैठी है, वही तो मेरी है," ती म्हणाली.

दीदीनं आता तिच्या मुलीला तोच प्रश्न विचारला. दोन वेण्यांवालीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि माझ्या मुलीला कोपर मारलं. दोघी रेतीत लोळून हसायला लागल्या. दीदी बिचारी लिहीत होती.

माझ्या शेजारच्या बाईनं कपाळावर हात मारला. "ए दाई! भोजली बदे हें दूनो झन!"

मग तिनंच मला अर्थ सांगितला, की या दोघींनी भोजली बदली आहे. तिच्या सासूनं राखीच्या दुसऱ्या दिवशी गावी नेऊन नातीची कोणाशी तरी भोजली बदली, हे तिला माहीत होतं, पण ती दुसरी मुलगी गावातलीच असेल असं ती समजून बसली होती. बदणं म्हणजे जन्माची मैत्री जोडणं. तळ्यावर कोंब शिरवून झाले की दोघी एकमेकींच्या कानावर कोंब खोचतात, आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. नाव घेणं म्हणजे नात्याचा मान मोडणं. त्या एकमेकींच्या भोजली. म्हाताऱ्या झाल्या तरी.

मी तिला माझ्या बाजूचं सांगितलं. अभनपूरच्या पुढचं गाव, कानावरचे पिवळे कोंब, भजनातल्या बायका. अर्धं तिच्याकडे होतं, अर्धं माझ्याकडे, आणि आम्ही दोघी ड्यूटीवर! त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही इतक्या हसलो की पलीकडची मुलं आरशाकडे बघायला लागली. हसता हसता मला रडू फुटलं. लाज वगैरे काही वाटली नाही. छातीवरचा दगड उतरणं म्हणतात ते काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आपण घरोघरी जाऊन रीती विचारल्या, आणि मुलांना प्रश्न विचारताना त्या सगळ्या घरीच ठेवून आलो. मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण मी त्यांच्या जागी असते तर आधी कोणावर तरी ओरडले असते. मीसुद्धा दीदीला वर्ध्याची संस्कृती पुरणपोळीसकट दिली होती. मुलीची स्वतःची जी संस्कृती दोन आज्यांनी मिळून उभी केली, ती मला आपली वाटली नव्हती. असो, तेवढं शहाणपण मला उशिरा का होईना आलं.

दीदीनं पुढच्या आठवड्यात पद्धतच बदलली. वर्गातल्या सगळ्या मुलांचे फोटो तिनं चादरीवर मांडले आणि प्रत्येकाला मूठभर चिंचोके देऊन सांगितलं, ज्याच्याबरोबर खेळायला आवडतं त्याच्या फोटोवर ठेवा. बाकीची मुलं एक इथं, एक तिथं ठेवत फिरली. माझ्या मुलीनं अख्खी मूठ एकाच फोटोवर रिकामी केली. मग जरा विचार करून त्यातला एक उचलला आणि तिला चावणाऱ्या एका मुलाच्या फोटोवर ठेवला. दीदीनं हे मला फोन करून सांगितलं, आणि सांगताना तिचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता.

सासूबाई अकोल्याहून आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. नागपूरचंही सांगितलं. त्या पिशवी न सोडता तशाच ऐकत राहिल्या.

"अन् मले फोन काहून नाही केला वो?" त्या म्हणाल्या. "मीच तर दोघीले भोजली करून दिलं. त्या पोट्टीची आजी अन् मी, रोज त्या फाटकापाशी बसतो आम्ही. तुले सांगितलं असतं, तर तू म्हटलं असतं, हे काय नवीन."

मी म्हटलं असतंच. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मीही त्यांच्याबरोबर शाळेच्या फाटकाशी गेले. दोन वेण्यांवाली आजीचा हात सोडून पळत आली. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, मोठ्या बायकांसारखे हात जोडले आणि म्हणाल्या, "सीताराम भोजली." मग ती पोरगी वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "फूलदाई, टिकिया में क्या लाई हो?"

टिकियाचं मला नंतर कळलं, तिला डबा म्हणायचं होतं. हा तिचा स्वतःचाच शब्द, घरातही कोणी वापरत नाही. फूलदाई म्हणजे भोजलीची आई. म्हणजे आईच्याच मानाची, असं सासूबाईंनी मला कानात सांगितलं. इतकी वर्षं मी रायपुरात कोणाची वहिनी होते, कोणाची मॅडम होते. कोणाची आई मी इथं फक्त एकाच पोरीची होते. मी डबा तिथंच फाटकात उघडला आणि दोघींना एकेक पोळीचा रोल दिला.

संध्याकाळी नागपूरला फोन लावला. मुलगी खाली फरशीवर चिंचोके पसरून बसली होती.

"नाही पाठवत तिला," मी बहिणीला म्हटलं. "इथंच राहील."

"काहून गं? काय झालं?"

"तिला मैत्रीण आहे इथं. पक्की."

"अरे वा! मग एवढं घाबरवलं कशाला मला? नाव काय तिचं?"

नाव मला माहीत होतं. सुरेख नाव आहे, तोंडातून निघायलाच आलं होतं. तेवढ्यात फरशीवरून मुलीनं वर पाहिलं. हातातला चिंचोका तसाच धरून, डोळे मोठे करून, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आहे एक," मी म्हटलं. "ती."

मुलीनं मान खाली घातली आणि पुन्हा खेळायला लागली.